मुरूम बसतात आणि महिन्याभरात पुन्हा येतात: तिशीनंतरच्या त्वचेसाठी कमी खर्चातली दुरुस्ती

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला चार-पाच दुखरे मुरूम येतात. केमिस्टकडून एखादी जेल आणून नेमकी त्यांच्यावर टेकवली जाते. आठ-दहा दिवसांत ते बसतात आणि ट्यूब कपाटात जाते. तीन आठवड्यांनी त्याच पट्ट्यात, जरा इकडे-तिकडे, नवे मुरूम हजर. मग जेल बदलते, फेसवॉश बदलतो, कुणीतरी सुचवलेलं सीरम घरात येतं. वर्षभरात काही हजार रुपये जातात आणि चेहरा होता तसाच राहतो.

यात औषध वाईट असतं असं क्वचितच घडतं. चुकते ती लावायची जागा आणि थांबायची वेळ. रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल साचून आधी डोळ्यांना न दिसणारी गुठळी तयार होते. तिला मायक्रोकोमेडोन म्हणतात. तिचा लाल मुरूम व्हायला कित्येक आठवडे लागतात, अनेकदा दोन महिनेसुद्धा. म्हणजे आज दिसणाऱ्या मुरमाच्या शेजारी जी स्वच्छ त्वचा दिसते, तिच्यात पुढच्या महिन्याचे मुरूम आधीच धरलेले असतात. ठिपक्यावर औषध लावलं की ठिपका जातो, शेजारचे वाढत राहतात. म्हणून औषध पूर्ण पट्ट्यावर लावायचं, आणि चेहरा साफ दिसू लागला तरी चालू ठेवायचं. बाकीचा सगळा मजकूर हे कमी पैशांत आणि त्वचा न सोलवटता कसं जमवायचं याबद्दल आहे.

आधी हे मुरूमच आहेत ना?

खऱ्या मुरमांत सरमिसळ असते: काही काळे ठिपके, काही त्वचेच्या रंगाचे बारीक खडे, काही लाल, एखादा पुवाचा. बोटाने त्वचा किंचित ताणून खिडकीच्या उजेडात तिरकं बघितलं की बंद खडे उठून दिसतात. ते दिसले तर तुम्ही योग्य ठिकाणी वाचताय.

सगळे दाणे एकाच आकाराचे, खाजणारे, कपाळावर केसांच्या रेषेलगत किंवा छाती-पाठीवर असतील, आणि मे-जूनच्या घामात वाढत असतील, तर मालासेझिया नावाच्या बुरशीमुळे झालेला केसांच्या मुळांचा दाह असण्याची शक्यता मोठी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हा फार दिसतो. मुरमांची अँटिबायोटिक घेऊन तो उलट वाढतो, कारण जिवाणू मारले की बुरशीला मोकळं रान मिळतं. इथे २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू कामाला येतो. ओल्या त्वचेवर फेस करून पाच मिनिटं ठेवायचा, डोळे सांभाळायचे आणि धुवून टाकायचा. आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे. फरक पडला तर निदान बहुधा बरोबर. नाही पडला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तोंडाभोवती आणि नाकपुड्यांच्या कडेला बारीक लाल दाणे, थोडी जळजळ, पण ओठांलगतची बारीक रेघ मात्र स्वच्छ: हा वेगळा दाह आहे, आणि तो बऱ्याचदा स्टेरॉइडच्या मलमाने होतो. स्टेरॉइडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात हा प्रकार सर्रास चालतो. गोरं व्हायला, डाग घालवायला, खाजेवर, "काहीतरी मलम द्या" म्हणून जी ट्यूब मिळते, तिच्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा चकचकीत दिसतो, मुरूमही दबतात. नंतर त्वचा पातळ होते, उन्हात जाताच लाल होते, बारीक केस वाढतात आणि मुरमांसारखे दाणे उसळतात. मलम बंद केलं की आठवड्याभरात आग होते आणि चेहरा आणखी बिघडतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास हातात पडतात. घरातली प्रत्येक ट्यूब काढून नाव वाचा. यांतलं एखादं मलम एका महिन्याहून जास्त चेहऱ्याला लावलं असेल तर खालचा क्रम सुरू करू नका, आधी डॉक्टर गाठा. ते सोडवण्याची पद्धत वेगळी आहे.

औषधांनीही मुरूम येतात. बी-१२ ची इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या, क्षयरोगावरची आयसोनियाझिड, फिट्सवरची फेनिटॉइन, लिथियम, तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड. बी-१२ आपल्याकडे अशक्तपणावर सहज दिलं जातं आणि मुरमांशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एकसारखे दाणे उठले, असं असेल तर ज्यांनी दिलं त्यांना सांगा. स्वतःहून औषध बंद मात्र करू नका.

दोन आठवडे फक्त थांबवायचं

नवीन काही आणण्याआधी जुनं बंद करायचं. हा टप्पा फुकटचा आहे आणि सगळ्यांत जास्त टाळला जातो.

बंद करायच्या गोष्टी: दाणेदार स्क्रब, बेसन-हळद चोळणं, लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, रोजची वाफ, अल्कोहोलचा टोनर, आणि एकापेक्षा जास्त सीरम. बेसन वाईट नाही, ते चोळलं जातं हे वाईट. सुजलेल्या मुरमावर घर्षण झालं की आतली भिंत फुटते आणि दाह खोल जातो. लिंबाचा रस आम्ल असल्यामुळे आग करतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून महिनोन्महिने राहणारे डाग पडू शकतात. मुलतानी माती वरवरचं तेल शोषते, रोमछिद्रातली गुठळी तिला हलवता येत नाही. आठवड्यातून एकदा लावायची असेल तर पूर्ण वाळून तडकायच्या आत धुवा.

साबणाने चेहरा धूत असाल तर तोही बदला. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. बोअरचं जड पाणी असेल तर भर पडते. साबणातली स्निग्धाम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून न विरघळणारी चिकट साय तयार होते, तीच जी बादलीच्या कडेला पांढरी दिसते, आणि ती त्वचेवरही राहते. चेहरा धुतल्यावर ताणल्यासारखा, "चरचरीत स्वच्छ" वाटतो तो यामुळे. सिंडेट बार (साबणाऐवजी सौम्य कृत्रिम क्लीन्झरची वडी) किंवा साधा, सुगंधाशिवायचा फेसवॉश जड पाण्यातही ही साय धरत नाही. दिवसातून दोनदा पुरे. व्यायाम किंवा खूप घाम झाला तर तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने.

याच दोन आठवड्यांत चेहऱ्याला काय काय टेकतं त्याची झडती घ्या. पुण्यात दुचाकीवर चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ आठवडाभर न धुता वापरला जातो. घाम, धूळ आणि कापडाचं घर्षण नेमकं गालांवर आणि जबड्यावर होतं. दोन सुती स्कार्फ ठेवा आणि एक दिवसाआड धुवा. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा आणि आतला कापडी गादीचा भागही आठवड्याला धुवायचा. रात्री केसांना तेल चोपडून झोपायची सवय असेल तर कपाळावरचे खडे बऱ्याचदा त्यातूनच येतात. तेल लावायचंच असेल तर नहायच्या आधी तासभर, टाळूलाच. खोबरेल चेहऱ्याला लावणं बंद, हिवाळ्यातसुद्धा. पुष्कळांना त्याने रोमछिद्रं बुजतात. पाठीवर मुरूम असतील तर आधी केस धुवून, कंडिशनर काढून, मग पाठ धुवा. उलट क्रमाने केलं तर कंडिशनर पाठीवरच राहतो.

निव्वळ एवढ्यानेच पुष्कळांचा लालपणा आणि आग बरीच कमी होते. मग उरतो तो खरा मुरूम, आणि औषध कशासाठी लावायचं ते स्पष्ट दिसतं.

चार वस्तू, आणि त्यांचा हिशेब

फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि एकच औषध. टोनर, एसेन्स, फेस मिस्ट, शीट मास्क यांतलं काहीही लागत नाही. पैसे वाचतात ते इथेच.

खरेदी करताना ट्यूबची किंमत बघू नका, ग्रॅमची बघा. बोटाच्या शेवटच्या पेरावर साधारण ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून काढलेली रेघ अर्धा ग्रॅम भरते. त्या मापाने अडापालीनची जेल (मुरमांवरचं औषध, त्याबद्दल पुढे) पूर्ण चेहऱ्याला अर्ध्या पेराएवढी, म्हणजे पाव ग्रॅम पुरते. १५ ग्रॅमची ट्यूब रोज लावून ६० रात्री जाते. समजा ती ३०० रुपयांची असेल तर रात्रीला ५ रुपये. मॉइश्चरायझर एका वेळी दोन पेरं, म्हणजे एक ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ धरून १०० ग्रॅमची बाटली ५० दिवस. सनस्क्रीनचं माप तर्जनी आणि मधलं बोट, पूर्ण लांबीच्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावून साधारण अडीच-तीन आठवडे टिकते. कुणाची सहा महिने पुरत असेल तर ती व्यक्ती सनस्क्रीन नावापुरतंच लावते आहे.

मॉइश्चरायझर ग्लिसरीन असलेलं, पातळ, बिनवासाचं घ्या. "तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला" हा समज औषध अर्ध्यावर सोडायला लावतो. औषधाने त्वचा कोरडी पडते, जळते, आणि मग औषधच बंद होतं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, जेल किंवा पातळ लोशन. त्याने खडे आले तर सनस्क्रीन सोडू नका, दुसऱ्या प्रकारचं घ्या. पैसे अगदीच कमी असतील तर टोपी, छत्री आणि सावली यांच्यावर भर द्या. औषध आणि मॉइश्चरायझर मात्र कापू नका.

डब्यावरच्या "नॉन-कोमेडोजेनिक" (रोमछिद्रं न बुजवणारं) या शिक्क्यामागे एकच सक्तीची चाचणी नाही. शोधताना त्याचा उपयोग होतो, पण हमी म्हणून धरू नका.

कुठलं औषध

काळे-पांढरे खडे जास्त असतील आणि मधूनमधून लाल मुरूम येत असतील तर अडापालीन ०.१ टक्के. हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध आहे. रोमछिद्राच्या तोंडाशी पेशी चिकटू न देणं हे त्याचं काम, म्हणजे मुळावरचा उपाय. परत परत येण्याच्या तक्रारीत आमची पहिली पसंती यालाच. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे. गर्भारपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना चालत नाही.

लाल, पुवाचे मुरूम जास्त असतील तर बेंझॉईल पेरॉक्साइड २.५ टक्के. ५ आणि १० टक्क्यांनी त्वचा जास्त जळते, गुण मात्र फारसा वाढत नाही, त्यामुळे मोठा आकडा बघून मोठी ट्यूब आणू नका. हे जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय लागत नाही. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची जेल एकटी महिनोन्महिने लावली तर जिवाणू तिला दाद देईनासे होतात, म्हणून ती नेहमी बेंझॉईल पेरॉक्साइडच्या जोडीने.

त्वचा नाजूक असेल, काळे डाग लगेच पडत असतील, किंवा गर्भारपण असेल तर ॲझेलेइक ॲसिड, १० ते २० टक्के. ते गर्भारपणातही सुरक्षित मानलं जातं, पण तुमच्या डॉक्टरांना कल्पना देऊन सुरू करा. पहिले काही आठवडे लावल्यावर मुंग्या चावल्यासारखं किंवा खाजल्यासारखं होतं. ते बहुधा वीस मिनिटांत जातं.

सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश मदत करतो, पण तो काही सेकंदच त्वचेवर असतो. मुख्य औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

दुकानात कंपनीचं नाव न सांगता घटकाचं नाव आणि टक्केवारी कागदावर लिहून दाखवा. त्याच घटकाची स्वस्त ट्यूब असली तर विचारा. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथेही चौकशी करा.

लावायचा क्रम

तिसऱ्या आठवड्यापासून औषध सुरू. अडापालीन असेल तर पहिले दोन आठवडे सोमवार आणि गुरुवार रात्री. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड. त्वचा शांत असेल तर सातव्या आठवड्यापासून रोज रात्री.

चेहरा धुवा, टिपून घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं पूर्ण वाळू द्या. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि आग होते. ही वाट न बघणं हे सोलवटण्याचं एक कारण असू शकतं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्यांच्या कडा यांना पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. मग अर्धं पेर जेल घेऊन कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी आणि जबड्यावर ठिपके ठेवा आणि पातळ पसरवा. मुरूम नसलेल्या भागावरही. दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर असा थर करा. गुण किंचित कमी झाला तरी तुम्ही टिकून राहाल, आणि इथे टिकणं महत्त्वाचं.

अडापालीन रोजचं रुळल्यावर, साधारण नवव्या आठवड्यापासून, लाल मुरूम अजून येत असतील तर सकाळी बेंझॉईल पेरॉक्साइड जोडता येतं. जेल दोन-तीन मिनिटं ठेवून धुवून टाकली तरी काम करते आणि कोरडेपणा कमी होतो. अडापालीनऐवजी डॉक्टरांनी त्याच कुळातलं ट्रेटिनोइन दिलं असेल तर ते आणि बेंझॉईल पेरॉक्साइड एकाच वेळी एकावर एक लावू नका. ट्रेटिनोइन त्याने निकामी होतं. अडापालीनला ही अडचण नाही.

बेंझॉईल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, धुवून न जाणारा. पांढरा टॉवेल, पांढरी उशीची खोळ, आणि कपडे घालण्याआधी हात व मान नीट धुतलेली. पैठणीची किंवा रेशमाची घडी मोडणार असाल त्या सकाळी ते लावूच नका. ट्यूब उन्हात, गाडीत किंवा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. उष्णतेने ते विघटित होतं.

मध्येच बिघडलं तर

*तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुरूम वाढले.* अडापालीनने आत धरलेल्या गुठळ्या लवकर वर येतात, त्यामुळे सुरुवातीचे चार-सहा आठवडे थोडी वाढ दिसते. नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच प्रकारचे, लवकर बसणारे मुरूम असतील तर चालू ठेवा. कधीच मुरूम न येणाऱ्या जागी दाणे आले, किंवा खाज आणि सूज आली, तर हा सुरुवातीचा नेहमीचा उफाळा नाही. एखादी वस्तू त्वचेला सोसत नाही. सगळं बंद करून एकेक वस्तू पाच-पाच दिवसांच्या अंतराने परत आणा.

*जळतं, सालं निघतात.* औषध तीन ते पाच रात्री बंद, फक्त फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. पाणी लावल्यावरही चुरचुरत असेल तर फेसवॉशसुद्धा रात्री एकदाच. शांत झाल्यावर आधीच्या निम्म्या वारंवारतेने सुरू करा. सालं निघतात म्हणून स्क्रबने काढणं ही हमखास होणारी चूक आहे.

*थ्रेडिंग किंवा वॅक्सनंतर भाजल्यासारखं झालं.* अडापालीनवर असताना चेहऱ्याला वॅक्स नकोच, वरची त्वचा सोलून निघते. थ्रेडिंगच्या पाच-सात दिवस आधी त्या भागावर औषध बंद ठेवा. पार्लरमधलं क्लीनअप आणि फेशियल मसाजही या काळात टाळा. दाबून काढलेल्या खड्यांच्या जागी काही दिवसांनी लाल गाठी येतात, आणि लग्न नेमकं त्याच आठवड्यात असतं.

*फक्त गळ्यावर आणि जबड्याखाली, दाढीच्या भागात.* दाण्यात वळलेला केस दिसत असेल तर तो मुरूम नाही, आत वाढणारा केस आहे. दाढी आंघोळीनंतर, केस मऊ असताना, केसांच्या दिशेने, एकदाच ब्लेड फिरवून करा. त्वचा ताणू नका. पाच-सहा दाढ्यांनंतर ब्लेड बदला. ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवलं तर पुष्कळदा प्रश्नच मिटतो.

*दर महिन्याला पाळीच्या आधी हनुवटीवर.* हे संप्रेरकांचं आहे. वरचा क्रम मदत करतो, पण पूर्ण आवरेलच असं नाही. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा टाळूवरचे केस विरळ होत असतील तर पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार) तपासणी करून घ्या. क्रीम बदलण्यात वर्ष घालवू नका.

*जिम सुरू केल्यापासून.* व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची पावडर) महिनाभर बंद करून बघा. दुधाशी, विशेषतः साय काढलेल्या दुधाशी, आणि गोड-मैद्याच्या खाण्याशी काहींच्या मुरमांचा संबंध दिसतो, सगळ्यांच्या नाही. शेंगदाणे, आंबा, तळकट यांना सरसकट दोष देऊन ताट रिकामं करायची गरज नाही.

*मुरूम गेले पण चेहरा तसाच वाटतो.* सपाट काळे किंवा तपकिरी ठिपके हे डाग आहेत, चालू मुरूम नव्हेत. गव्हाळ-सावळ्या वर्णात ते तीन महिन्यांपासून वर्षभर राहतात. सनस्क्रीन, अडापालीन, ॲझेलेइक ॲसिड किंवा ४-५ टक्के नायासिनामाइड यांनी ते लवकर फिके होतात. रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन इथे जास्त उपयोगी, कारण डाग गडद करणाऱ्या दृश्य प्रकाशालाही ते अडवतं. बोटाला खड्डा लागत असेल तर तो व्रण आहे. कुठलंही क्रीम तो भरून काढत नाही.

*सहा आठवडे झाले, काहीच नाही.* ट्यूब हातात घ्या. उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहायची सवय लावा, म्हणजे निदान सोपं जातं. रोज लावूनही १५ ग्रॅममधली अर्धी ट्यूब तीन महिन्यांनी शिल्लक असेल तर तुम्ही अजूनही ठिपक्यांवरच लावताय. पंचवीस दिवसांत संपली असेल तर दुपटीहून जास्त लावताय आणि आगही त्यामुळेच होते. माप बरोबर असेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत थांबा. दर रविवारी एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी फोटो काढा आणि फक्त नवे लाल मुरूम मोजा, डाग मोजू नका. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

डॉक्टरकडे कधी

खोल, दुखऱ्या, आठवडे न बसणाऱ्या गाठी, खड्डे पडायला सुरुवात, बारा आठवडे नीट करूनही फरक नाही, अचानक जोरात सुरुवात, किंवा चेहऱ्यामुळे घराबाहेर पडणं टाळलं जातंय: यांतलं एक असलं तरी वाट बघू नका. खड्डे पडल्यावर होणारा खर्च आधीच्या भेटींहून कितीतरी जास्त असू शकतो.

खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, जे. जे., पुण्यात ससून, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथली पाटी पुष्कळदा "त्वचा व गुप्तरोग विभाग" अशी असते. ती वाचून रांगेतून परत फिरू नका, मुरमांची ओपीडी तीच. सोबत वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. नाव आठवत नाही म्हणून तेच औषध पुन्हा लिहून दिलं जाणं त्याने टळतं.

डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं तर ग्लासभर पाण्यासोबत बसून घ्या, लगेच आडवं होऊ नका, दुधासोबत घेऊ नका, आणि ऊन सांभाळा. ते साधारण तीन महिन्यांपुरतं असतं, लावायचं औषध सोबत चालूच. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या हट्टी मुरमांवर खूप प्रभावी आहेत, पण गर्भावर त्यांचा घातक परिणाम होतो. सुरू करण्याआधी गर्भधारणा नाही याची खात्री, घेत असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर खात्रीचं गर्भनिरोधन, आणि मध्ये यकृत व चरबीच्या रक्ततपासण्या लागतात. मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून या गोळ्या कधीही घेऊ नका.

साफ झाल्यावर

तीन-चार महिन्यांनी नवे मुरूम जवळपास थांबतात. सगळ्यांत जास्त लोक औषध इथेच सोडतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. बेंझॉईल पेरॉक्साइड आधी कमी करा: एक दिवसाआड, मग बंद. अडापालीन आठवड्यातून तीन रात्री चालू ठेवा, पूर्ण चेहऱ्याला, त्याच अर्ध्या पेराने. या वेगाने १५ ग्रॅमची ट्यूब चार महिन्यांहून जास्त पुरते. पावसाळ्याच्या तोंडाला, परीक्षेच्या किंवा रात्रपाळीच्या दिवसांत नवे मुरूम दिसले तर सहा आठवडे पुन्हा रोज रात्री, मग परत तीनवर. या वेळी नवीन काही विकत आणू नका. गर्भधारणेचं ठरवलं की अडापालीन थांबवून ॲझेलेइक ॲसिडवर जा, आणि हा बदल दोन महिने आधीच करा, म्हणजे नव्या औषधाला कामाला लागायला वेळ मिळतो.